वाचक विचारतात : मोकळ्या उजेडातलं पोर्ट्रेट

घराबाहेर, नैसर्गिक उजेडात माणसांचे फोटो काढण्याविषयी आलेल्या पत्रांना इथे उत्तरं देत आहोत. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. अंतरांचे आणि पुढून मागे किती भाग शार्प येतो त्याचे आकडे एपीएस-सी (फुल-फ्रेमहून लहान) सेन्सरच्या कॅमेऱ्यांसाठी आहेत, कारण बहुतेक वाचकांकडे तेच कॅमेरे आहेत.

प्रश्न : माझ्याकडे कॅनन १५००डी आणि त्यासोबत आलेल्या १८-५५ व ५५-२५० अशा दोन लेन्स आहेत. बॅकग्राउंड हवी तशी ब्लर होत नाही. सगळे ५० मिमी एफ/१.८ घ्या म्हणतात. घेऊ का? (सातारा)

घ्या, पण दुकानात जाण्याआधी ५५-२५० बॅगेतून बाहेर काढा. मागचं किती विरघळणार हे नुसत्या एफ-आकड्यावर ठरत नाही. फोटोत चेहरा तेवढाच मोठा ठेवला, तर दूरची पार्श्वभूमी किती पसरेल हे लेन्समधल्या उघड्या छिद्राच्या व्यासावर ठरतं. हा व्यास म्हणजे फोकल लेंग्थ (लेन्सचा मिमीतला आकडा) भागिले एफ-आकडा. ५५ मिमीला एफ/५.६ म्हणजे जेमतेम १० मिमी. ५० मिमीला एफ/१.८ म्हणजे २८ मिमी. आणि २५० मिमीला एफ/५.६ म्हणजे ४५ मिमी! किटमधली म्हणून कोपऱ्यात पडलेली झूम या बाबतीत ५० एफ/१.८ च्या पुढे जाते.

अट एकच आहे, जागा हवी. कॅमेरा उभा धरून डोक्यापासून छातीपर्यंत, म्हणजे साधारण ६० सेंमी उंचीची चौकट घ्यायची असेल, तर ५० मिमीने तुम्ही माणसापासून १.४ मीटरवर उभे राहता आणि २५० मिमीने ७ मीटरवर. मागची झाडं किंवा भिंत माणसाच्या मागे साधारण ८ मीटरहून दूर असेल तर २५० मिमी जास्त विरघळवते. त्याहून जवळ असेल तर ५० एफ/१.८ सरस. सोसायटीच्या पार्किंगमध्ये ५० आणि मैदानावर किंवा शेताच्या बांधावर २५०, असा सरळ हिशोब होतो. मधली वाट हवी असेल तर १३५ मिमीच्या आसपास एफ/५ ला छिद्र २७ मिमीचं मिळतं आणि पावणेचार मीटर अंतर पुरतं.

२५० मिमीचा आणखी एक फायदा सहसा कुणी सांगत नाही. याच चौकटीत एफ/५.६ ला सुमारे १७ सेंमी खोली शार्प मिळते, म्हणजे नाकाच्या टोकापासून कानापर्यंत सगळं. एफ/१.८ ला मिळतात फक्त ५ सेंमी. चेहरा पूर्ण शार्प आणि मागचं विरघळलेलं, हे दोन्ही एकत्र झूममध्ये सहज जमतं.

तोटेही ऐका. शटर १/५०० सेकंदाहून हळू ठेवू नका. लेन्समधलं स्टॅबिलायझेशन तुमच्या हाताचा थरथराट सावरतं, समोरच्या माणसाची हालचाल नाही. एफ/१.८ च्या मानाने उजेड सव्वातीन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट) कमी मिळतो, त्यामुळे संध्याकाळ झाली की झूम दम तोडते. सात मीटरवरून सूचना ओरडून द्याव्या लागतात आणि मधून माणसं जात राहतात. म्हणून ५० मिमी घ्यायची ती संध्याकाळसाठी, पडवीसाठी आणि अरुंद गल्लीसाठी. तिच्यावर पैसे वाया जाणार नाहीत.

मात्र माणूस भिंतीला टेकवून उभा केला तर यातली कुठलीच लेन्स काही करू शकत नाही. त्याला भिंतीपासून आठ-दहा पावलं पुढे आणा, तेवढं आधी करा.

प्रश्न : ५० मिमी एफ/१.८ वर डोळे मऊ येतात आणि कान किंवा केस शार्प येतात. लेन्स सदोष आहे का? (कोल्हापूर)

बहुतेक नाही. मधल्या बिंदूने डोळ्यावर फोकस करायचा, बटण अर्धं दाबून ठेवायचं आणि मग कॅमेरा फिरवून चौकट जुळवायची, ही सवय इथे नडते. कॅमेरा फिरला की फोकसचं प्रतलही त्याच्याबरोबर फिरतं आणि डोळ्याच्या मागे जातं. १.४ मीटरवरून कॅमेरा १५ अंशांनी फिरवलात तर ही चूक पावणेपाच सेंमी होते. एफ/१.८ ला शार्प भाग एकूण पाच सेंमी, म्हणजे डोळ्याच्या पुढेमागे प्रत्येकी अडीच सेंमी. डोळा त्याच्या बाहेर पडतो आणि कान आत येतो. तुमच्या वर्णनाशी हे तंतोतंत जुळतं.

उपाय असा. डोळ्याच्या सर्वांत जवळचा फोकस बिंदू निवडा आणि कॅमेरा कमीत कमी हलवा. १५००डी सारख्या कॅमेऱ्यात नऊ बिंदू आहेत आणि त्यातला फक्त मधला क्रॉस-टाइप, म्हणजे आडव्या-उभ्या दोन्ही रेषा पकडणारा आणि जास्त भरवशाचा आहे. कडेचे बिंदू अंधारात चाचपडतात, तेव्हा मधल्याच बिंदूने फोकस करा, चौकट थोडी सैल ठेवा आणि नंतर क्रॉप करा. मिररलेस कॅमेरा असेल तर आय-डिटेक्शन (डोळा आपोआप शोधणारा फोकस) चालू करा, प्रश्नच मिटला. जवळचा डोळा शार्प हवा. दूरचा थोडा मऊ चालतो, उलटं झालं की फोटो चुकलेला वाटतो.

दुसरं, एफ/१.८ वर हट्टाने राहू नका. त्याच चौकटीला एफ/२.८ वर ८ सेंमी आणि एफ/४ वर १२ सेंमी मिळतात. चेहरा अर्धा वळवला तर दूरचा डोळा जवळच्यापेक्षा साडेचार सेंमी मागे जातो. तेव्हा एफ/२.८ हा किमान आकडा धरा. सरळ समोर बघणारा चेहरा असेल तरच एफ/१.८ किंवा एफ/२ ला हात घाला. शटर १/२५०, कारण उभा माणूस श्वासाबरोबर पुढेमागे डुलतो, आणि तुम्हीही डुलता.

एवढं करूनही शंका राहिली तर कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवा. एक जाड पुस्तक उभं करा आणि त्याच्या शेजारी पट्टी तिरकी ठेवा. पुस्तकाच्या अक्षरांवर फोकस करून एफ/१.८ ला व्ह्यूफाइंडरमधून आणि लाइव्ह व्ह्यूमधून (मागच्या स्क्रीनवर बघून) आळीपाळीने काही वेळा फोटो घ्या. लाइव्ह व्ह्यूतला शार्प आणि व्ह्यूफाइंडरमधला प्रत्येक वेळी एकाच बाजूला सरकलेला असेल, तर सर्व्हिस सेंटरला कॅमेरा आणि लेन्स दोन्ही घेऊन जा. कधी पुढे, कधी मागे सरकत असेल तर तो ऑटोफोकसचा चढउतार आहे, लेन्सचा ठरावीक दोष नाही.

प्रश्न : मे महिन्यातलं लग्न, दुपारी एक वाजता कार्यालयाबाहेर जोडप्याचे फोटो. डोळ्यांखाली काळे खड्डे आणि एफ/१.८ ला सगळं पांढरंफटक. काय करावं? (सोलापूर)

पांढरंफटक येण्याचं कारण आधी. कडक उन्हात आयएसओ (सेन्सरची उजेडाला संवेदनशीलता) १०० ला एफ/१६ आणि शटर १/१०० हा जुना हिशोब आजही बरोबर आहे. एफ/१.८ वर जायचं तर शटर १/८००० लागतं, आणि बऱ्याच सुरुवातीच्या कॅमेऱ्यांचं शटर १/४००० वर थांबतं. एक स्टॉप उजेड जास्तीचा आत येतोच. आयएसओ ४०० वर राहिला असेल तर तीन स्टॉप. एफ/२.८ वर या, १/३२०० पुरतं. एफ/१.८ च हवा असेल तर तीन स्टॉपचा एनडी-८ फिल्टर, म्हणजे उजेड कमी करणारी राखी काच लावा.

खड्ड्यांचं कारण सूर्याची उंची. मेच्या मध्यावर आपल्याकडे सूर्य मध्यान्हीला जवळजवळ डोक्यावर असतो. कपाळाच्या कडेची सावली डोळ्यांत, नाकाची सावली ओठांवर, त्यात नवरदेवाचा फेटा आणि मुंडावळ्या. कॅमेऱ्यात कुठलंही बटण दाबून ही सावली जात नाही. माणसांनाच हलवावं लागतं.

सावलीची कड शोधा. पोर्च, ओसरी, गॅलरीखालची जागा किंवा दाट आंबा चालेल. कडुनिंबाखाली कवडसे पडतात, तो टाळा. जोडप्याला सावलीच्या रेषेपासून दोन-तीन फूट आत, तोंड बाहेर उजेडाकडे करून उभं करा. समोरच्या उन्हातल्या फरशीवरून उजेड उसळून खालून चेहऱ्यावर येतो आणि डोळे उजळतात. इतका सुंदर रिफ्लेक्टर फुकट मिळतो आणि लोक भर उन्हात जाऊन घाम पुसत बसतात! पार्श्वभूमीही सावलीतलीच ठेवा. ऊन आणि सावली यांत साधारण तीन स्टॉपचा फरक असतो, मागे ऊन आलं की ते जळणारच. अशा जागी एफ/२.८, १/५००, आयएसओ १०० पासून सुरुवात करा.

एक सापळा सांभाळा. मंडपाच्या लाल, गुलाबी, पिवळ्या कापडाखाली उजेड त्याच रंगाचा होतो. एका बाजूने कापडातून गाळलेला गुलाबी आणि दुसरीकडून आकाशाचा निळसर, असा मिश्र उजेड चेहऱ्यावर पडला की व्हाइट बॅलन्स (उजेडाच्या रंगाची दुरुस्ती) कितीही फिरवा, एक गाल बिघडलेलाच राहतो. पांढऱ्या कापडाखाली जा. नसेल तर पाच-सहा फुटांचं पांढरं मलमल दोन करवल्यांना डोक्यावर ताणून धरायला सांगा. एक-दोन स्टॉप उजेड कमी होतो, पण सावल्यांच्या कडा मऊ होतात.

कॅमेऱ्यातल्या छोट्या फ्लॅशवर विसंबू नका. १/२०० च्या सिंकला (फ्लॅशसोबत चालणारा शटरचा सर्वांत जास्त वेग) उन्हात एफ/११ लागतो, आणि साधारण ९ गाइड नंबरचा (फ्लॅशच्या ताकदीचा आकडा) फ्लॅश तिथे ८० सेंमीवरच संपतो. ३६ किंवा त्याहून मोठ्या गाइड नंबरचा बाहेरचा फ्लॅश तीन मीटरपर्यंत पोचतो. तो दीड स्टॉप खाली ठेवा, म्हणजे सावली भरते आणि फ्लॅश मारल्यासारखं दिसत नाही. हायस्पीड सिंकने (त्याहून वेगवान शटरला फ्लॅश चालवण्याची सोय) मोठं छिद्र वापरता येतं खरं, पण ताकद बरीच घटते. तेव्हा फ्लॅश जवळ आणावा लागतो.

प्रश्न : ‘गोल्डन अवर’ नेमका किती वाजता? (नागपूर)

कोवळ्या, सोनेरी उजेडाची ही वेळ ठरवायला घड्याळ बघू नका, सावली बघा. नागपूर मुंबईच्या पूर्वेला आहे, दोघांच्या सूर्याच्या वेळेत साधारण २५ मिनिटांचा फरक पडतो. मुंबईच्या मित्राने सांगितलेली वेळ तुम्हाला उशिराची ठरते. उभ्या माणसाची सावली त्याच्या उंचीएवढी झाली की सूर्य ४५ अंशांवर, दुपटीएवढी झाली की २७ अंशांवर आणि चौपट झाली की १४ अंशांवर. चौपटीपासून मावळतीपर्यंत तासभर मिळतो, तोच तुमचा वेळ. डिसेंबरात पुण्यात भर दुपारीही सूर्य ५० अंशांच्या वर जात नाही, म्हणून थंडीतल्या लग्नांत अकरा वाजताही चेहरे बरे येतात.

प्रश्न : मालवणच्या किनाऱ्यावर बायकोचे फोटो काढले. मागे समुद्र आणि सूर्यास्त सुंदर, ती मात्र काळी सावली. (पुणे)

आपला किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे. संध्याकाळी समुद्र मागे घेतला की सूर्य मागे येणारच. तीन वाटा आहेत.

सकाळी या. सूर्य जमिनीच्या बाजूने येतो आणि समुद्र मागे ठेवून चेहऱ्यावर उजेड पडतो. पण त्या बाजूला डोंगर असेल तर ऊन वाळूवर उशिरा उतरतं आणि तोवर कोवळेपणा थोडा जातो. डोळे मिचकावले जात असतील तर सूर्यापासून तीसेक अंश बाजूला बघायला सांगा. डोळे मिटवून ठेवायचे आणि ‘तीन’ म्हणताच उघडायचे, हाही उपाय चालतो.

संध्याकाळी समुद्र मागे हवाच असेल तर कॅमेऱ्याचा उजेड मोजणारा मीटर चेहऱ्यावर लावा, आकाश थोडं जळेल ते जळू द्या. रिफ्लेक्टर म्हणून तीन बाय चार फुटांचा थर्माकोल हातभर अंतरावरून, छातीच्या पातळीला, किंचित वर वळवून धरा. गाडीच्या काचेला लावतात तो चंदेरी पडदाही चालतो, फक्त तो थेट डोळ्यांत मारू नका. सूर्य डोक्याच्या मागे लपवा. तो उघडा लेन्समध्ये शिरला की सगळ्या फोटोवर दुधाळ पडदा येतो. लेन्सला हूड लावा, आणि समोरची काच आधी पुसा, कारण खारट तुषारांनी हाच दुधाळपणा दुप्पट होतो. किनाऱ्यावर लेन्स बदलू नका.

तिसरी वाट आम्हाला सगळ्यांत पटते. सूर्य बुडाला की लोक कॅमेरे बंद करतात, तुम्ही तेव्हा सुरू करा. पश्चिमेचं सगळं आकाश तेव्हा एक मोठा, मऊ दिवा झालेला असतो. तिला समुद्राकडे तोंड करून उभं करा, मागे सुरूचं बन. बन काळसर पडतं, चेहरा उजळतो, सावली जवळजवळ नसते. एफ/२, १/२५० ठेवा आणि आयएसओ ४०० पासून १६०० पर्यंत वर नेत चला, उजेड झपाट्याने उतरतो. वेळ वीसेक मिनिटांचा. व्हाइट बॅलन्स ‘डेलाइट’वर कायम ठेवा. ‘ऑटो’ हाच तांबूसपणा दोष समजून काढून टाकतो.

क्षितिजाची रेषा मानेतून जाऊ देऊ नका. तुम्ही गुडघ्यावर बसलात की रेषा खाली, कमरेच्या आसपास जाते. आणि तिचं तोंड वारा येतो त्या बाजूला ठेवा, म्हणजे केस आणि पदर मागे उडतील, चेहऱ्यावर येणार नाहीत.

प्रश्न : आजोबा सावळे, अंगात पांढरा सदरा-धोतर, डोक्यावर पांढरी टोपी. चेहरा नीट आला तर कपडे जळतात, कपडे नीट आले तर चेहरा काळा पडतो. शिवाय घरचे म्हणतात, चेहरा उजळ करा. (नंदुरबार)

कॅमेऱ्याचा मीटर समोरचं सगळं मध्यम करड्याएवढं समजून उजेड ठरवतो. चौकटीत पांढरं जास्त असलं की तो घाबरून उजेड कमी करतो आणि चेहरा गडद होतो. म्हणून मीटरिंग ‘स्पॉट’वर घ्या, ते नसेल तर ‘पार्शल’वर, म्हणजे उजेड चौकटीच्या मधल्या छोट्या भागावरूनच मोजला जाईल, आणि गालावर मोजा. इथे लोक दुसरी चूक करतात. गडद गालावर मोजून मिळालेला आकडा तसाच वापरला तर कॅमेरा तो गाल करड्याएवढा फिका करतो. म्हणून तिथून दोन-तृतीयांश ते एक स्टॉप कमी करा. सोपी पद्धत हवी असेल तर स्वतःचा तळहात त्याच उजेडात, आजोबांच्या चेहऱ्याच्या दिशेने धरून मोजा आणि एक स्टॉप वाढवा. तळहाताचा रंग माणसामाणसांत फारसा बदलत नाही.

मग उजेडाची दिशा. आजोबांना ओसरीच्या कडेला बसवा, उजेड एका बाजूने आणि थोडा वरून येऊ द्या. अंग उजेडापासून किंचित वळवा आणि चेहरा उजेडाकडे. सदऱ्यावर तिरका उजेड पडतो, त्यामुळे तो एक पायरी खाली उतरतो आणि कापडाच्या सुरकुत्याही दिसतात. रॉमध्ये (प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये) फोटो घ्या आणि हायलाइट अलर्ट चालू ठेवा, म्हणजे जळलेला भाग स्क्रीनवर लुकलुकतो. टोपीच्या टोकावर एखादा ठिपका लुकलुकला तर चालेल, सगळा सदरा लुकलुकायला लागला तर एक-तृतीयांश स्टॉप कमी करा.

‘उजळ करा’ ही मागणी मात्र ऐकू नका. गडद कातडीचं सौंदर्य तिच्या चमकेत असतं. गालाचं हाड, कपाळ, नाकाचा दांडा यांवर मोठ्या, मऊ उजेडाची पट्टी पडली की चेहऱ्याला आकार येतो. त्यासाठी मोठा स्रोत बाजूला हवा : उघडं दार, चुना दिलेली भिंत, पांढरी चादर. पावडर लावू देऊ नका, ती ही चमक मारते आणि चेहरा राखी करते. पार्श्वभूमी मध्यम किंवा गडद घ्या. पांढऱ्या भिंतीसमोर चेहरा आहे त्याहून गडद भासतो आणि मग उजळ करण्याचा मोह सुरू होतो.

प्रश्न : किल्ल्यावर किंवा देवळात फोटो काढले की एकतर माणूस मुंगीएवढा, नाहीतर जागा कुठली ते कळतच नाही. (जुन्नर)

माणूस जागेला चिकटून उभा करण्याची सवय याच्या मुळाशी आहे. दरवाजा पूर्ण हवा म्हणून माणूस दरवाजाखाली जातो, तुम्ही वीस मीटर मागे जाता, आणि मग मुंगीच. माणसाला तुमच्याकडे, दोन-अडीच मीटरवर आणा, दरवाजा राहू द्या तिथेच. १८-५५ ला २४ ते ३५ मिमी, एफ/५.६ किंवा एफ/८. दरवाजा किंचित मऊ राहील पण ओळखू येईल. इथे एफ/१.८ चं काम नाही. जागा दाखवायची आहे तर ती पुसून कशाला टाकायची?

चौकट जुळवताना आधी डोक्यामागे बघा. दीपमाळ, विजेचा खांब, झेंड्याची काठी डोक्यातून उगवल्यासारखी दिसते. तुम्ही अर्धं पाऊल डावी-उजवीकडे सरकलात की सुटते. मग कडा बघा. १५००डी सारख्या कॅमेऱ्याचा व्ह्यूफाइंडर फोटोचा ९५ टक्केच भाग दाखवतो, म्हणून कडेला कुणाची पिशवी किंवा हात न दिसता आत येतो. प्रत्येक नव्या जागी पहिला फोटो स्क्रीनवर मोठा करून कडा तपासा. कापायचं असेल तर मांडीच्या किंवा दंडाच्या मध्यावर कापा, गुडघा, घोटा, मनगट यांवर नाही. नऊवारीत पूर्ण उभा फोटो असेल तर पावलं आणि काष्टा दोन्ही चौकटीत हवेत, कॅमेरा कमरेच्या उंचीवर. डोळ्यांच्या उंचीवरून घेतला की पाय आखूड दिसतात.

सह्याद्रीतल्या किल्ल्यांचा काळा दगड उजेड गिळतो, परत काहीच देत नाही. भिंतीजवळच्या माणसाचा सावलीकडचा गाल त्यामुळे फार गडद होतो, रिफ्लेक्टर लागतोच. कोकणातला जांभा उलट तांबूस उजेड परत फेकतो आणि चेहरे उबदार येतात. हिरवळीवर बसवलं की हनुवटीखाली हिरवट छटा येते, खाली पांढरी ओढणी अंथरा. आणि कड्याच्या टोकावर माणूस उभा करून फोटो काढू नका. लांब फोकल लेंग्थने आणि खालच्या कोनातून सुरक्षित दगडावरचा माणूसही कड्यावर असल्यासारखा दिसतो.

प्रश्न : मोबाइलच्या पोर्ट्रेट मोडमध्ये केस आणि नथ अर्धवट पुसली जाते. (ठाणे)

कारण तो ब्लर लेन्सचा नसून हिशोबाचा आहे. फोनच्या मुख्य कॅमेऱ्याची खरी फोकल लेंग्थ साधारण ५ ते ९ मिमी असते. एफ/१.८ लिहिलेलं असलं तरी छिद्र तीन ते पाच मिमी. म्हणून फोन कुठलं जवळ, कुठलं लांब याचा अंदाज बांधतो आणि मागचं पुसतो. सुटे केस, गजरा, नथीचे मोती, चष्म्याची कड, कमरेवर ठेवलेल्या हाताची पोकळी, इथे तो अंदाज हमखास फसतो.

मागे साधी आणि केसांहून वेगळ्या छटेची पार्श्वभूमी घ्या, काळ्या केसांमागे काळं झाड नको. उजेड भरपूर हवा. २एक्स किंवा ३एक्स निवडून दीड-दोन मीटर मागे जा. १एक्सने ४५ सेंमीवरून काढलं तर कानापेक्षा नाक बारा सेंमी जवळ असल्याने ते पाव पटीने मोठं दिसतं. दोन मीटरवर हा फरक सहा टक्क्यांवर येतो. फोटो काढल्यावर ब्लरची पट्टी एफ/४ ते एफ/५.६ च्या आसपास आणा, कडांच्या चुका बऱ्याच लपतात. नथ महत्त्वाची असेल तर त्याच जागी एक साधा फोटोही काढून ठेवा.

प्रश्न : वाड्याच्या चौकात चौदा जणांचा घरचा फोटो. मागची रांग मऊ येते. (वाई)

५० मिमी, एफ/५.६, पहिली रांग पाच मीटरवर धरून तिच्यावर फोकस केला तर मागे जवळजवळ दीड मीटर शार्प मिळतं. दोन रांगांना ते भरपूर आहे, तिसरी असेल तर एफ/८. मागची रांग मऊ येते ती बहुधा एफ/२.८ ठेवल्याने, किंवा मधला फोकस बिंदू दोन डोक्यांच्या फटीतून मागच्या भिंतीवर गेल्याने. त्यामुळे बिंदू पुढच्या रांगेतल्या एखाद्या चेहऱ्यावरच ठेवा. रांगा एकमेकींना चिकटवा, मागचे पायरीवर, टोकाचे थोडे आत वळलेले. चौकात उजेड वरून पडतो, म्हणून सगळ्यांना मधोमध नको, एका बाजूच्या ओट्याच्या कडेला घ्या आणि हनुवट्या किंचित वर. चौदांपैकी एकाचे डोळे मिटलेले असतातच, सलग आठ-दहा फोटो घ्या.

प्रश्न : चष्म्यात आकाश चमकतं. (लातूर)

चष्म्याच्या काड्या कानावरून सेंटीमीटरभर वर उचला. काचा खाली झुकतात आणि आकाशाऐवजी जमीन परावर्तित होते. जमीन उन्हातली असेल तर मात्र तीच चमकेल, माणसाला सावलीतल्या गडद जमिनीवर घ्या. पोलरायझर (चकाकी कमी करणारा फिल्टर) थोडी मदत करतो, पण दीड ते दोन स्टॉप उजेड खातो. उन्हात काळ्या होणाऱ्या काचा असतील तर फोटोआधी पाच-दहा मिनिटं माणसाला घरात बसवा, मग सावलीत आणून लगेच फोटो घ्या. मोकळ्या आकाशाखाली त्या काचा सावलीतही हळूहळू पुन्हा गडद होतात.